निंबखेडीचा बुजवलेला दरवाजा

आमच्या अलिबागेकडे किल्ला म्हटला की पायथ्याशी समुद्र धरलेलाच. ओहोटीला चालत जायचं, भरतीच्या आत परत यायचं, आणि वेळ चुकली तर पुढच्या ओहोटीपर्यंत तटावर बसून राहायचं, हे आम्हाला लहानपणापासून ठाऊक. मी तंत्रनिकेतनात मुलांना इमारतींचं आरेखन शिकवते आणि सुट्टीत जुन्या बांधकामांची मापं घेत हिंडते. आमच्या बाजूचे बहुतेक पाणकोट मोजून झाले आहेत. त्यामुळे शेजारची प्रज्ञा म्हणाली, "मॅडम, आमच्या हिंगोलीतही पाण्यातली गढी आहे," तेव्हा मला हसूच आलं.

"हिंगोलीत कुठला आलाय समुद्र?"

"समुद्र नाही, धरण आहे. आमची ओहोटी वर्षातून एकदाच लागते. मे महिन्यात."

प्रज्ञा दवाखान्यात लहान मुलांच्या वॉर्डात नर्स आहे. तिचे वडील किसनदादा गावाकडे हळद पिकवतात. पूर्णेवर धरण झालं तेव्हा त्यांचं निंबखेडी गाव पाण्याखाली गेलं. उन्हाळ्यात पाणी उतरलं की गढीचा एक बुरूज उघडा पडतो. यंदा त्या बुरुजाला मोठी चीर गेली होती, आणि पाऊस सुरू व्हायच्या आत मापं घेणारं कुणी घेऊन ये, असा दादांचा निरोप होता. कशासाठी ते त्यांनी फोनवर सांगितलं नव्हतं.

मंगळवार, नवी निंबखेडी

औंढ्याच्या स्टँडवर दादा आम्हाला घ्यायला आले होते. पंच्याहत्तरीच्या आसपासचा ताठ माणूस, पांढरा सदरा, डोक्याला उपरणं. नागनाथाला आलेल्या यात्रेकरूंच्या गर्दीतून त्यांनी आम्हाला वाट काढून दिली आणि तासाभरात आम्ही त्यांच्या घरी पोचलो. नव्या निंबखेडीतल्या गल्ल्या पट्टीने आखल्यासारख्या सरळ आहेत. प्रत्येक अंगणात शिजवून वाळत घातलेली हळद, आणि तिचा मातकट वास थेट घशापर्यंत.

सुगंधाबाईंनी, म्हणजे प्रज्ञाच्या आईने, धरणातल्या माशांचं येसर, म्हणजे भाजलेल्या डाळी-मसाल्यांची पूड, घातलेलं कालवण केलं होतं. माशात नारळ नाही, कोकम नाही; मी जरा साशंकच होते. पहिल्या घासाला डोळ्यांतून पाणी आलं आणि तिसऱ्या भाकरीला मी कोकम विसरले.

"आमच्याकडं लोक पाणी पिऊन पिऊन खात्यात," सुगंधाबाई हसत म्हणाल्या. "तुमी बराबर जेवल्या."

जेवण झाल्यावर दादांनी गोष्ट सांगितली. ती दोन प्रकारे सांगतात, आणि खरा पेच तिथेच आहे.

गढी बांधताना नदीकडचा बुरूज तीनदा पडला. मग त्यात एक माणूस चिणायचं ठरलं. गढीवाल्या मालकांच्या घरात सांगतात, की गावातली एक लेकुरवाळी सवाष्ण आपण होऊन पुढे आली, हिरवं लुगडं नेसली आणि हसत हसत आत जाऊन बसली. तिला ते बुरूजमाय म्हणतात. दरवर्षी पाणी उतरलं की त्यांच्या घरची बाई येऊन तिची ओटी भरते.

"आणि तुमच्या घरात?" मी विचारलं.

"आमच्या घरात बुरूजमाय म्हणत न्हाईत. येसू म्हणत्यात. ती आमच्या घरची पोर व्हती. माझी माय सांगायची, ते लेकरू व्हतं. नऊ-दहा वर्साचं. गुळाचा खडा देऊन आत बसवलं. राजीखुशीनं गेली न्हाई."

"मग तुम्हाला नेमकं काय बघून हवंय?"

"बुरूज आतून पोकळ हाय का भरीव हाय ते बघा. पोकळ आसंल तर मला आत जायचंय. माय मरताना इचारीत व्हती, काहून हसत जाईल लेकरू? तिला सांगायला जवाब नव्हता माझ्यापाशी."

बुधवार, जुनं गाव

उजाडता उजाडता निघालो. टेकाड उतरलं आणि झाडं संपली. समोर कोसभर राखाडी गाळ, ताटाएवढ्या भेगाळलेल्या पापुद्र्यांचा. मधूनमधून काळी पडलेली झाडांची खोडं. खूप लांब पाण्याची एक पांढरी रेघ. समुद्र मागे हटला तरी किनाऱ्यावर खेकडे असतात, बगळे असतात, ओल्या वाळूत काहीतरी सतत बुडबुडत असतं. इथे एक पाखरू नव्हतं.

दादा पुढे चालत होते. सपाट मैदान, तरी ते सरळ जाईनात. वीस पावलं गेले की उजवीकडे वळत, मग डावीकडे. मी कंटाळून तिरपी निघाले तसं त्यांनी हात आडवा केला.

"तिथून न्हाई. ती भिंत हाय."

तिथे काहीच नव्हतं.

"पाणी आलं तवा मी गाव सोडलं, पर गल्ल्या पायाला ठाव्या हायेत," ते म्हणाले. एके ठिकाणी ते मान खाली घालून वाकले, मग पुन्हा ताठ झाले. प्रज्ञा हळूच म्हणाली, "पारूआत्याच्या घराची चौकट ठेंगणी होती म्हणे." आणि तीही वाकली. मी कशाला वाकेन? पण वाकले. परतताना ध्यानात आलं की मीही तीच वळणं घेत होते.

गढी म्हणजे आता काळ्या दगडाचा एक मोठा चौकोन. अशा गढ्या खाली पुरुषभर दगडी जोत्याच्या आणि वर पांढऱ्या मातीच्या असतात. पांढरी माती उन्हापावसात शतकानुशतकं टिकते, पण पाण्यात बसली की साखरेसारखी विरघळते. वरचा सगळा वाडा, तीन बुरूज, तट असे विरघळून गेले होते. उरला होता तो फक्त नदीकडचा चौथा बुरूज, कारण पुराचा मार त्याच्यावर बसायचा म्हणून तो तळापासून माथ्यापर्यंत दगड-चुन्यात बांधलेला. कमानीचा टोकदार बाक बघून गढी बहामनी अमदानीतली असावी, असा माझा अंदाज. वरची डागडुजी मागाहूनची. तीनदा पडल्याची गोष्टही मला खरी वाटली, कारण खालचे थर एका हाताचे आणि वरचे दुसऱ्या हाताचे होते.

बुरुजाच्या आतल्या अंगाला, चौकाच्या बाजूला, एका दरवाजाची कमान दिसत होती. दरवाजा दगडांनी बुजवलेला आणि त्यावर शेंदराचे थरावर थर, पाण्याने काळपटलेले. इथेच ओटी भरत.

मी घेर मोजला. सत्त्याऐंशी फूट, म्हणजे व्यास अठ्ठावीसच्या आत-बाहेर. भिंतीत बंदुकीसाठी ठेवलेली तिरपी भोकं होती, ज्यांना जंग्या म्हणतात. चार बोटं रुंद, त्यांतली माझ्या हाताशी येणारी एक गाळापासून मोकळी. तिच्यातून पोलादी टेप आत सरकवली. सात फुटांपर्यंत ती दगडाला घासत गेली आणि मग घासणं थांबलं. टेप मोकळ्या हवेत होती.

"पोकळ आहे दादा," मी म्हणाले. "आत चौदा फुटांची खोली आहे."

मी टेप आणखी पुढे ढकलली. अकरा फुटांवर ती अडली. मागे ओढली तर येईना. दोन्ही हातांनी ओढली तरी येईना. आणि मग मी जोर सोडून नुसती धरून उभी असताना ती सैल झाली आणि अलगद परत आली, पलीकडून कुणीतरी सोडून दिल्यासारखी. टोकाला ओला गाळ होता. गाळ टेप धरून ठेवतो, हे मी आमच्या खाडीत दहादा पाहिलंय. प्रज्ञालाही मी तसंच सांगितलं. त्या दिवशी मात्र त्या भोकाला डोळा लावून आत बघायचं धाडस मला झालं नाही.

साधारण दहाला ऊन तापलं आणि बुरूज बोलायला लागला. दुसरा शब्द नाही. खोल, एकसुरी हुंकार, मध्येच तुटणारा. आत गार हवा, बाहेर तापलेली, आणि जंग्यांतून वारा खेळतो. बाटलीच्या तोंडावर फुंकर घातल्यासारखं. हे सगळं मी दोघांना समजावून सांगितलं. दादांनी ऐकून घेतलं.

"व्हय, वाराच आसंल," ते म्हणाले. "पर मॅडम, धरणाच्या आधी बी ह्यो आवाज व्हताच. माय कानात बोटं घालून पाणी भरायची."

गुरुवार, बुरुजाच्या आत

चीर नदीच्या बाजूने होती. तिथला गाळ अजून ओला, गुडघाभर पाय जाई. दादांनी बाभळीच्या फांद्या टाकून वाट केली. चीर एवढी, की माणूस आडवा होऊन कसाबसा शिरेल. प्रज्ञाने आधी काठीला मेणबत्ती बांधून आत धरली. ज्योत बराच वेळ नीट जळली, तेव्हाच तिने आम्हाला जाऊ दिलं.

आत थंड होतं, आणि वास चिखलाचा नव्हता, भिजलेल्या चुन्याचा होता. घुमटासारखं छत शाबूत. छताला भोक नाही, जिना नाही. जंग्यांतून उजेडाच्या चार-पाच पट्ट्या येत होत्या. पाचशे वर्षांपूर्वीचा गिलावा काही ठिकाणी अजून अंड्याच्या कवचासारखा गुळगुळीत. खोली पहाऱ्याची असावी. दरवाजा एकच, तो बुजवलेला, आणि त्याच्या आतल्या बाजूला कमरेच्या वर गाळ साठलेला.

आम्ही तो काढायला लागलो. दादा फावड्याने ओढत, मी आणि प्रज्ञा घमेल्याने मागे टाकत. सकाळ त्यातच गेली. तळाला फरशी लागली. हाड नाही, बांगडीचा तुकडा नाही, काही नाही. इतकी वर्षं पाणी आत-बाहेर करत होतं. त्यात काय राहणार?

"न्हाई काही," दादा म्हणाले आणि फावड्यावर हात ठेवून उभे राहिले. त्यांच्या चेहऱ्यावर सुटका होती की निराशा, मला कळेना.

मी सवयीने बुजवलेल्या दाराचं रेखाटन करायला बसले. भिंत बांधताना गवंडी ज्या बाजूला उभा असतो, त्या बाजूचे सांधे तो थापीने साफ करतो. दुसऱ्या बाजूला चुना दगडांमधून फुगून बाहेर येतो आणि तसाच सुकतो. इथे आतल्या बाजूला चुना फुगलेला होता, म्हणजे गवंडी बाहेर होता. ते नोंदवून मी विजेरी तिरपी धरली, सांध्यांच्या सावल्या पडाव्यात म्हणून.

फुगलेल्या चुन्यात बोटं उमटली होती.

आधी मला वाटलं, ओरखडे असतील. मग खालच्या थरात शेजारी शेजारी चार खळगे दिसले, मग त्याच्या वर आणखी चार. ओला चुना कुणीतरी आतून बोटांनी ढकलला होता. पहिल्या तीन थरांत ठसे खोल होते, दगड सरकवायचा प्रयत्न केल्यासारखे. चौथ्या-पाचव्या थरात ते उथळ झाले. त्याच्या वर ठसे नव्हते, फक्त वरून खाली आलेल्या बारीक रेघा. उभी राहिले तर माझ्या डोळ्यांच्या उंचीला त्या संपत होत्या. त्याहून वर हात पोचला नसावा.

मी विद्यार्थ्यांना नेहमी सांगते, घाईने अर्थ लावू नका. म्हणून स्वतःलाही विचारलं, गवंड्याच्या हाताखालच्या माणसाने आतून सांधे भरले असतील का? असतील. पण मग तो बाहेर कुठून गेला? दरवाजा एकच. जंग्या चार बोटांच्या.

मी प्रज्ञाला हाक मारली. तिने बघितलं. मग स्वतःची बोटं त्या खळग्यांपाशी नेली, ती मावेनात. तिने काही वेळ करंगळी तिथे तशीच ठेवली.

"दादा," ती म्हणाली, "मी रोज एवढेच हात धरून सुया लावते. हे मोठ्या बाईचे नाहीत. नऊ वर्षांची असेल. फार तर दहा."

दादा जवळ आले. त्यांनी हात लावला नाही. ते उकिडवे बसले, दोन्ही तळवे गुडघ्यांवर ठेवून, आणि त्या ठशांच्या उंचीला त्यांचे डोळे आले.

"माय बराबर सांगत व्हती," ते म्हणाले. "मला वाटायचं, खोटं निघावं."

त्या दिवशी दुपारभर मी एकेक ठसा पारदर्शक कागदावर खऱ्या मापात उतरवून घेतला. पाठीमागे बुरुजाचा हुंकार सुरू झाला होता. वाऱ्याचं कारण मला पाठ होतं, तरी मी दोनदा मागे वळून बघितलं.

शुक्रवार

मालकांकडची ओटी शुक्रवारी असते. आम्ही पोचलो तेव्हा त्यांची जीप गाळाच्या कडेला उभी होती. रंगनाथराव दादांच्याच वयाचे, हातात काठी. त्यांच्या पत्नी कमलकाकू, किडकिडीत बांध्याच्या, ताटात खण-नारळ घेऊन. सोबत ड्रायव्हर. सुगंधाबाई आमच्याबरोबर होत्या, आणि दादांच्या खांद्यावर पहार होती.

"किसन, पहार काहून आणली?" रंगनाथरावांनी विचारलं.

"दार उघडायचंय, मालक."

"याड लागलं काय? देवीचं ठिकाण हाय ते."

"देवी न्हाई. लेकरू हाय."

रंगनाथराव माझ्याकडे वळले. शिकलेली बाई दिसते, समजावेल, असं त्यांना वाटलं असावं. मी कागद उलगडून दाखवले आणि जे दिसलं तेवढंच सांगितलं. त्यांनी कागद पुरते बघितले नाहीत. "आमच्या घरात पिढ्यान् पिढ्या सांगत आले, ती हसत गेली," ते म्हणाले. "आता तुमी चार कागदं दाखवून..."

"मी बघते," कमलकाकू मध्येच म्हणाल्या. ताट त्यांनी ड्रायव्हरच्या हातात दिलं, पदर खोचला आणि बाभळीच्या फांद्यांवरून चिरेकडे चालत गेल्या. प्रज्ञा विजेरी घेऊन त्यांच्या मागे गेली.

आम्ही बाहेर उभे राहिलो. काकूंना वेळ लागला. बाहेर आल्या तेव्हा त्यांच्या गालाला चुना लागला होता.

"लग्न होऊन आले तेव्हापास्नं मी हितं ओटी भरते," त्या नवऱ्याला म्हणाल्या. "दाराआड लेकरू चिणलेलं, आन् मी त्याला खण-नारळ देऊन सुखी ठेव म्हणत व्हते. उघडा ते दार."

"बुरूज पडंल," रंगनाथराव म्हणाले. आवाज आता वेगळा होता. "तीनदा पडला म्हणून तर... पडला न्हाई मंग कधी."

सगळे माझ्याकडे बघायला लागले. अशा वेळी नुसती मापं घेणारीला लपायला जागा नसते. मी पुन्हा कमानीकडे गेले, तिचे दगड एकेक करून ठोकून पाहिले, माथ्यावरचा कळीचा दगड पाहिला.

"पडणार नाही," मी म्हणाले. "वजन कमानीवर आहे. खालच्या भरावावर काहीच नाही. तो असला काय, नसला काय, बुरुजाला फरक पडत नाही. कधीच पडत नव्हता."

शेवटचं वाक्य माझ्या तोंडून गेलं आणि मग मला ते ऐकू आलं. रंगनाथराव काठीवर दोन्ही हात ठेवून खाली बघत राहिले.

दादांनी वरून सुरुवात केली. शेंदराचा जाड पापुद्रा सुटून पडला, आत दगड निघाले. एकेरी भराव होता, पण चुना चिवट. तिसऱ्या थराला दादांची छाती भात्यासारखी हलायला लागली. तेव्हा रंगनाथराव पुढे झाले आणि त्यांनी पहार दादांच्या हातातून घेतली. पुढचा थर त्यांनी काढला. दोघांनी असं आळीपाळीने केलं. ड्रायव्हर दगड उचलून बाजूला रचत होता.

खालचे तीन थर राहिले, ज्यांत खोल ठसे होते. मी म्हणाले, "एवढे राहू द्या दादा. पुरावा आहे हा. पाण्याखाली इतकी वर्षं टिकला, पुढेही टिकेल. गुडघाभर तर आहे, दार उघडंच झालं."

"तुमी समदं उतरवून घेतलं ना?"

"घेतलं."

"मंग काढू द्या," दादा म्हणाले. "तेवढं ठेवलं तर लेकराला पाय उचलून यावं लागंल."

मला जीव तोडून भांडायला हवं होतं. माझ्या धंद्यात पुरावा मोडू देण्याहून मोठा अपराध नाही. मी माझी वही मिटली आणि बाजूला झाले.

उंबऱ्यापर्यंत दार मोकळं झालं तेव्हा ऊन डोक्यावर आलं होतं. आत अंधार, आणि त्या अंधारात उजेडाचा एक चौकोन फरशीवर पडला. कितीतरी शतकांनी पडला असेल. दादांनी पहार खाली ठेवली. सुगंधाबाई पुढे आल्या. त्या दाराच्या अगदी जवळ गेल्या नाहीत, चार पावलं अलीकडे थांबल्या. डोक्यावरचा पदर सारखा केला आणि अंगणात खेळत राहिलेल्या पोरीला जेवायला बोलवावं तशी, रोजच्या आवाजात हाक मारली.

"येसू, ये गं माय. भाहेर ये."

कुणी सांगितलं नव्हतं, तरी आम्ही सगळे दारासमोरून बाजूला झालो. दादा आणि प्रज्ञा एका अंगाला, रंगनाथराव आणि काकू दुसऱ्या. ड्रायव्हरने पायातली चप्पल काढली. मी या गोष्टी मानत नाही. मीही दोन पावलं मागे सरकले, मधली वाट एका लेकराएवढी रुंद सोडली, आणि आम्ही वाट बघत उभे राहिलो.

कुणालाच निघायची घाई नव्हती.